टेलगेटिंगसाठी प्रोपेनचे छोटे ग्रिल: कोणते घ्यावे आणि नोव्हेंबरच्या थंडीत कसे चालवावे?

पारिजातक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमची मुलगी या वर्षी पेन स्टेट विद्यापीठात शिकायला गेली आहे. तिच्या मैत्रिणींच्या तीन मराठी कुटुंबांनी मिळून नोव्हेंबरमधल्या अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्याआधी तिथल्या बीव्हर स्टेडियमच्या पार्किंग लॉटमध्ये टेलगेटिंग, म्हणजे गाड्यांजवळच स्वयंपाक करून एकत्र जेवण, करायचे ठरवले असून, ग्रिल आणण्याची जबाबदारी आमच्याकडे आली आहे. आम्ही घरी डेकवर मोठे गॅस ग्रिल अनेक वर्षे वापरतो. मात्र ते गाडीत घालून नेणे शक्य नाही, आणि उघड्या मैदानात, वाऱ्यात, दिलेल्या वेळेत बारा माणसांचे जेवण करण्याचा अनुभव आमच्यापैकी कोणालाही नाही.

सामना दुपारी बाराचा आहे, म्हणजे सगळा स्वयंपाक सकाळीच होईल आणि त्या वेळी तापमान गोठणबिंदूच्या आसपास असेल असे धरून चालले आहे. बारापैकी पाच जण शाकाहारी आहेत. ग्रिलसाठी अडीचशे ते तीनशे डॉलर खर्च करण्याची तयारी आहे.

माझ्या मुख्य शंका अशा आहेत. दुकानात प्रत्येक ग्रिलवर बीटीयूचा (उष्णता मोजण्याचे एकक) आकडा ठळकपणे लिहिलेला असतो, तर जास्त बीटीयूचे ग्रिल तेवढेच चांगले असे समजावे का? एक पौंडाचे हिरवे सिलिंडर किती वेळ पुरते? घरच्या ग्रिलची २० पौंडांची टाकी सोबत नेणे योग्य ठरेल का? शिवाय आमच्याकडे टेबलावर ठेवायची, ब्यूटेनच्या डब्यावर चालणारी छोटी शेगडी आहे. चहा आणि भाज्यांसाठी तीही न्यावी, असा घरात आग्रह चालू आहे. प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

घाटमाथा

पारिजातक, आपण ग्रिलपासून सुरुवात केली आहे, पण माझ्या मते आधी गॅसचा विचार करावा, कारण थंडीत टेलगेटिंग फसते ते बहुतेक वेळा गॅसमुळे. मागच्या वर्षी आमचेही तेच झाले. नोव्हेंबरच्या अखेरीस, साधारण २५ अंश फॅरनहाइटच्या सकाळी, आम्ही तीन बर्नरचे ग्रिल एक पौंडाच्या सिलिंडरवर पूर्ण आचेवर लावले. पहिली वीस मिनिटे सगळे उत्तम चालले होते. मग ज्योत हळूहळू बसत गेली आणि मेणबत्तीएवढी राहिली. सिलिंडर संपले असे समजून मी ते काढायला गेलो, तर खालच्या अर्ध्या भागावर पांढरा बर्फाचा थर जमला होता आणि हलवल्यावर आत द्रव डुचमळत असल्याचे स्पष्ट कळत होते. गॅस शिल्लक होता, पण तो बाहेर पडत नव्हता.

याचे कारण समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतात. सिलिंडरमध्ये प्रोपेन द्रवरूपात असतो, त्याची वाफ होऊन ती बर्नरपर्यंत जाते आणि वाफ होताना तो द्रव स्वतःचीच उष्णता खर्च करतो. प्रोपेन उणे ४४ फॅरनहाइटला उकळतो, त्यामुळे पेन्सिल्व्हेनियाच्या थंडीत तो गोठण्याचा किंवा वाफ न होण्याचा प्रश्न एरवी येत नाही. परंतु टाकीतला दाब तापमानाबरोबर झपाट्याने उतरतो. ७० अंश फॅरनहाइटवर तो सुमारे ११० पीएसआय (दाबाचे एकक) असतो, ३२ अंशांवर त्याच्या निम्मा होतो आणि शून्य अंशांवर जेमतेम २४ उरतो. छोट्या सिलिंडरमध्ये द्रवच थोडा असतो, म्हणून मोठ्या आचेवर तो बाहेरच्या हवेपेक्षाही बराच थंड होतो आणि दाब आणखी पडतो. मोठ्या टाकीत द्रव भरपूर असतो आणि हवेतून उष्णता घेणारा पत्र्याचा पृष्ठभागही मोठा असतो, म्हणून तिची आच टिकते.

सिलिंडर किती वेळ पुरेल याचे गणित सोपे आहे. एक पौंड प्रोपेनमधून सुमारे २१,६०० बीटीयू उष्णता मिळते. ग्रिलवरचा बीटीयूचा आकडा म्हणजे सर्व बर्नर पूर्ण उघडे असताना तासाला जळणारा गॅस. त्यामुळे ८,५०० बीटीयूचे ग्रिल एका सिलिंडरवर अडीच तास चालते आणि २०,००० बीटीयूचे तासाभरात सिलिंडर रिकामे करते. थंडीत हा काळ कागदावरच राहतो, कारण सिलिंडर संपण्याआधीच त्याचा दाब बसतो.

माझा सल्ला असा की २० पौंडांच्या टाकीऐवजी ५ पौंडांची पुन्हा भरता येणारी टाकी घ्यावी. तिला घरच्या टाकीसारखाच झडपेचा जोड असतो, ती एका हातात उचलता येते आणि आपल्या एका सकाळसाठी पुरून उरते. ग्रिलपर्यंत नेणारी नळी घेताना मात्र एक गोष्ट नीट पाहावी. छोट्या ग्रिलवर रेग्युलेटर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा भाग, आधीच बसवलेला असतो, म्हणून नळी उच्च दाबाची आणि रेग्युलेटर नसलेली हवी. रेग्युलेटर असलेली नळी जोडली तर दाब दोनदा कमी होतो आणि बटण कितीही फिरवले तरी ज्योत मंदच राहते.

ब्यूटेनची शेगडी घरीच ठेवावी. ब्यूटेन ३१ फॅरनहाइटला उकळतो, म्हणजे पाणी गोठण्याच्या सुमारास त्याची वाफ होणेच जवळपास थांबते. चहा घरून मोठ्या थर्मासमध्ये न्यावा.

चुलीवरचे

घाटमाथा यांनी गॅसचे नेमके सांगितले आहे, म्हणून मी ग्रिलकडे वळतो. गेली सात वर्षे दर मोसमात चार-पाच वेळा आम्ही टेलगेटिंग करतो आणि या काळात तीन वेगवेगळी ग्रिल वापरून झाली आहेत.

बीटीयूचा आकडा हा गॅस जाळण्याचा वेग आहे. जाळीवर किती उष्णता पोहोचते ते त्यावरून ठरत नाही. तो आकडा जाळीच्या क्षेत्रफळाने भागून पाहिला तर थोडी अधिक माहिती मिळते. वेबरच्या क्यू १२०० या ग्रिलला ८,५०० बीटीयू आणि १८९ चौरस इंच जाळी आहे, म्हणजे चौरस इंचाला सुमारे ४५. कोलमनच्या रोडट्रिप २८५ ला २०,००० बीटीयू आणि २८५ चौरस इंच, म्हणजे ७०. कागदावर दुसरे बरेच वरचढ दिसते. प्रत्यक्ष वाऱ्यात मात्र हा फरक आकड्यांइतका जाणवत नाही, कारण क्यूचे जाड ओतीव झाकण घट्ट बसते आणि बिडाची जाळी एकदा तापली की उष्णता धरून ठेवते. ज्या ग्रिलचे झाकण पातळ आहे किंवा बाजूंनी मोठ्या फटी आहेत, त्याची निम्मी आच वारा घेऊन जातो. म्हणून दुकानात गेल्यावर आधी झाकण उघडून-मिटून पाहावे, जाळी हातात उचलून तिचे वजन पाहावे आणि आकडे त्यानंतर वाचावेत.

बारा माणसांसाठी दोन पर्याय समोर येतात. क्यू १२०० वर एका वेळी आठ-नऊ टिक्की किंवा चिकनचे तितकेच तुकडे मावतात, म्हणजे दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतील. शिवाय त्याला एकच बर्नर आहे, त्यामुळे एका बाजूला मोठी आच आणि दुसऱ्या बाजूला शिजलेले गरम ठेवायची जागा अशी विभागणी करता येत नाही. रोडट्रिप २८५ ला तीन बर्नर आहेत, घडीचे पाय आणि चाके आहेत, म्हणून वेगळे टेबल लागत नाही. त्याचे वजन मात्र बरेच आहे, आणि गाडीच्या डिकीतून ते एकट्याने उतरवणे कठीण जाते. वेबरचे ट्रॅव्हलर ३२० चौरस इंचांचे असून घडी घालायला सर्वांत सोयीचे आहे, पण ते आपण सांगितलेल्या रकमेत बसणार नाही. आपल्या गटात शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही असल्यामुळे मी तीन बर्नरच्या ग्रिलची शिफारस करीन, अर्थात घाटमाथा म्हणतात तशी मोठी टाकी जोडूनच. एक पौंडाच्या सिलिंडरवर थंडीत तीन बर्नर चालवू नयेत.

आता वापराविषयी. ग्रिल सपाट जमिनीवर, गाडीपासून आणि तंबूच्या छतापासून दूर, पूर्ण उघड्या जागी ठेवावे. वारा कोणत्या दिशेने येतो ते पाहण्यासाठी कागदी रुमाल हातात धरला तरी पुरते. बहुतेक छोट्या ग्रिलची गरम हवा झाकणाच्या मागच्या फटीतून बाहेर पडते. त्या फटीत थेट वारा शिरला तर आच पुढे, बटणांकडे ढकलली जाते आणि बटणे वितळू शकतात, म्हणून वारा बाजूने येईल असे ग्रिल फिरवावे. वारा अडवण्यासाठी भोवती फॉइल गुंडाळण्याचा मोह टाळावा, कारण त्यामुळे टाकी आणि नळी तापतात.

झाकण लावून दहा ते पंधरा मिनिटे तापवल्याशिवाय जाळीवर काहीही ठेवू नये. थंडीत पंधराच धरावीत. त्यानंतर झाकण जितके कमी उघडाल तितके बरे. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा "झाले का?" म्हणून झाकण उचलायचा आणि प्रत्येक वेळी पुन्हा आच चढायला दोन-तीन मिनिटे जायची. आता ग्रिलजवळ एकच माणूस उभा राहतो आणि झाकणाला दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही.

पारिजातक

दोघांचेही मनापासून आभार. ब्यूटेनचा विषय आज घरात मिटला. दोन गोष्टी अजून विचारते. आमच्या पाच शाकाहारींपैकी माझ्या सासूबाई आणि एक काका मांस शिजलेल्या जाळीवरचे काहीही खाणार नाहीत, आणि त्यांच्या मनात शंका राहू नये अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी ग्रिलवर फॉइल पसरणे पुरेसे होईल का? आणि दुसरे म्हणजे, टाकीची झडप उघडताना काही विशेष काळजी घ्यावी लागते का? आमच्या घरच्या ग्रिलची ज्योत कधीकधी कारण नसताना मंद राहते, तसे तिथे झाले तर काय करावे ते कळणार नाही.

रानमेवा

सासूबाईंसाठी फॉइलवर विसंबू नका, ताई. फॉइल फाटते, चिमटा एकाच ताटातून फिरतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूने चरबीचे थेंबही पडतात. आमच्या घरी माझे वडील असेच काटेकोर आहेत, म्हणून आम्ही पुढची पद्धत ठरवली आहे आणि ती पाच वर्षे व्यवस्थित चालली आहे.

नवे ग्रिल घेतल्यावर अर्ध्या भागासाठी वेगळा सपाट तवा मिळतो का ते पाहावे. आपण पाहत असलेल्या दोन्ही ग्रिलसाठी तो मिळतो. हा तवा फक्त शाकाहारी पदार्थांसाठी राखून ठेवायचा, घरी वेगळ्या पिशवीत ठेवायचा आणि त्याचा चिमटा, सराटा व ब्रश यांच्या मुठींना हिरवी चिकटपट्टी लावायची. स्वयंपाकाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी संपूर्ण शाकाहारी जेवण करून वाढून घ्यावे, मगच चिकनचा डबा कूलरमधून बाहेर काढावा. ग्रिलवर दोन्ही एकाच वेळी ठेवले तर मधली रेषा कितीही पाळायची म्हटली तरी घाईत पाळली जात नाही, आणि वडीलधाऱ्यांना "पुसून घेतले आहे" असे सांगण्याची वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते.

पनीरविषयी अनुभवाचे सांगते. पनीर जाळीला चिकटते ते मसाल्यामुळे नव्हे, तर जाळी पुरेशी न तापल्यामुळे. एक इंचाचे तुकडे करावेत, घट्ट दह्याचा मसाला आदल्या रात्री लावावा, आणि चपट्या लोखंडी सळ्यांवर कांदा व ढोबळी मिरचीच्या मध्ये ओवावेत. गोल सळईवर तुकडा जागच्या जागी फिरतो आणि उलटताच येत नाही. तेल जाळीला न लावता पनीरला लावावे. ठेवल्यावर दोन मिनिटे त्याला हात लावू नये. कडा तांबूस झाल्या की ते आपणच सुटते. मक्याची कणसे सालीसकट अर्धा तास पाण्यात भिजवून न्यावीत, म्हणजे ती जळत नाहीत आणि ग्रिलवर ठेवून दुसऱ्या कामाला लागता येते.

चिकनसाठी हाड नसलेल्या मांडीचे तुकडे न्यावेत, छातीचे तुकडे थंड हवेत फार लवकर कोरडे पडतात. रंगावरून शिजल्याचा अंदाज बांधू नये, कारण हळद आणि लाल तिखटामुळे तो रंग आधीच फसवतो. दहा-पंधरा डॉलरचा टोकदार थर्मामीटर घ्यावा आणि सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी १६५ फॅरनहाइट दिसल्याशिवाय उतरवू नये. मटणाच्या खिम्याच्या कबाबांना १६० पुरते. कच्चे चिकन कूलरमध्ये अगदी तळाशी, बंद डब्यात, ४० अंशांच्या खाली ठेवावे.

जाळी साफ करण्यासाठी तारेचा ब्रश नेऊ नये. त्याची तुटलेली तार अन्नातून पोटात गेल्याच्या घटनांबद्दल अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये सावध केले होते. अर्धा कांदा काट्याला टोचून गरम जाळीवर घासला तर काम होते, आणि वासही छान येतो.

घाटमाथा

पारिजातक, आपल्या मंद ज्योतीचे उत्तर बहुधा झडप उघडण्याच्या पद्धतीत आहे. बर्नरचे बटण उघडे असताना टाकीची झडप एकदम फिरवली, तर जोडातील सुरक्षायंत्रणेला नळी तुटून गॅस गळतो आहे असे वाटते आणि ती प्रवाह अगदी थोडा करून ठेवते. ग्रिल बिघडलेले नसते. सर्व बटणे बंद करावीत, टाकी बंद करावी, नळी सोडवून मिनिटभर थांबावे, पुन्हा जोडावी, आणि झडप अतिशय सावकाश, श्वास मोजत उघडावी. त्यानंतरच बर्नर पेटवावा. मी हे कळण्याआधी एक चांगले ग्रिल दुकानात परत करून आलो होतो.

पेटवण्याआधी प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. थंडीत हे पाणी गोठू नये म्हणून ही तपासणी आदल्या दिवशी घरी, अंगणात करावी आणि जागेवर फक्त वास व आवाज यांकडे लक्ष द्यावे. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे गळलेला गॅस जमिनीलगत, गाड्यांच्या खाली पसरतो, म्हणून शेजारच्या गाडीचे इंजिन चालू असेल तर ग्रिल तिथे पेटवू नये. पाऊस आला तरी ग्रिल तंबूत किंवा डिकीच्या उघड्या दाराखाली घेऊ नये. तेथे आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो, आणि त्याला वास नसतो.

चरबीने पेट घेतला तर पाणी ओतू नये. झाकण लावावे, बटणे बंद करावीत, टाकी बंद करावी. एक छोटे अग्निशामक हाताशी असावे.

वाहतुकीविषयी. टाकी ग्रिलपासून सोडवलेली, उभी आणि पट्ट्याने बांधलेली असावी. १२० अंश फॅरनहाइटच्या वर तापमान जाईल अशा बंद गाडीत ती ठेवू नये. नोव्हेंबरमध्ये हे लागू होणार नाही, पण सप्टेंबरच्या सामन्याला गेलात तर आठवणीत असू द्यावे. आपल्यासोबतची दुसरी कुटुंबे दक्षिणेकडून, बॉल्टिमोरमार्गे येणार असतील आणि टाकी त्यांच्याकडे असेल, तर तिथल्या दोन्ही हार्बर बोगद्यांतून १० पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी नेण्यास मनाई आहे. ५ पौंडांची टाकी सुचवण्याचे तेही एक कारण आहे. हिरवी सिलिंडरे मात्र घरी पुन्हा भरून वापरू नयेत. असे पुन्हा भरलेले सिलिंडर वाहून नेणे अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ही सूचना सिलिंडरवरच छापलेली असते.

स्टेडियमचे नियम आपल्या लॉटच्या नावानिशी, त्याच मोसमाचे वाचून घ्यावेत. सगळीकडे सारखी मुभा नसते. मिसिसिपी विद्यापीठाच्या टेलगेटिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रोव्हमध्ये तर उघडी ज्योत आणि प्रोपेन या दोन्हींना परवानगी नाही.

चुलीवरचे

एक गोष्ट कोणीच बोलले नाही म्हणून पुन्हा लिहितो. स्वयंपाक सुरू कधी करायचा यापेक्षा संपवायचा कधी हे आधी ठरवावे, कारण आपण सगळे सामना पाहायला आत जाणार आणि गरम ग्रिल गाडीत ठेवता येत नाही. बिडाची जाळी थंडीतही पाऊण तास तरी हाताला चटका देईल इतकी गरम राहते. बाराच्या सामन्यासाठी तपासणीची रांग आणि चालणे धरून सव्वाअकराला निघावे लागेल, म्हणजे साडेदहाला गॅस बंद. शाकाहारी फेरीला पाऊण तास, चिकनच्या दोन फेऱ्यांना मिळून पाऊण तास आणि तापवायला पंधरा मिनिटे धरली, तर पावणेनऊला ग्रिल पेटलेले हवे. मांडामांड, टेबल आणि साबणाच्या पाण्याने हात धुणे यांना अर्धा तास द्यावा, म्हणून लॉटमध्ये सव्वाआठला पोहोचावे.

बंद करताना आधी टाकीची झडप बंद करावी, नळीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यावी, आणि मग बर्नरची बटणे बंद करावीत. चरबीचा ट्रे गार झाल्यावरच काढावा आणि त्यातली चरबी झाकणाच्या डब्यात भरून घरी आणावी.

पारिजातक

तीन बर्नरचे ग्रिल, अर्ध्या भागाचा तवा, ५ पौंडांची टाकी आणि रेग्युलेटर नसलेली नळी असे आज नक्की केले. पुढच्या शनिवारी पहाटे घराच्या अंगणातच एकदा पूर्ण रंगीत तालीम करणार आहोत. सासूबाईंनी हिरवी चिकटपट्टी आजच काढून ठेवली आहे. तालमीत काही अडले तर इथेच विचारीन.